उलटी करून न पाहिलेली खुर्ची

भरताचं वांगं घेताना मी पाच मिनिटं लावतो. हातात तोलतो, देठ बघतो, अंगठ्याने दाबतो, भाजीवाल्याचं तोंड वाकडं होईपर्यंत. जळगावात राहणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तर वांग्याची एवढी चौकशी करणारा मी, गेल्या श्रावणात छत्तीस हजारांचं लाकडी सामान एकदाही उलटं करून न बघता टेम्पोत घालून घरी घेऊन आलो.

इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. घरातही आकडा थोडा कमी करूनच सांगितलाय. पण मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांनी विचारलं, "नाना, तुम्ही जुनं फर्निचर घेतलंत ती संस्था कुठे आहे? आम्हालाही एक झोपाळा बघायचाय." तेव्हा वाटलं, आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल. मुलगी लेस्टरला असते, दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे तीन महिने होतो. तिकडे प्रत्येक बाजारपेठेत धर्मादाय संस्थांची दुकानं असतात. लोक घरातल्या नको असलेल्या वस्तू नेऊन देतात, काउंटरवर बहुतेक निवृत्त बायाबापड्या फुकट काम करतात आणि विक्रीचा पैसा संस्थेला जातो. ऑक्सफॅमची दुकानं तर १९४० च्या दशकापासून आहेत. जावयाला या दुकानांतून जुनं फर्निचर हुडकायचा नाद, आणि मला तोवर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न. दर शनिवारी दोघे निघायचो.

त्याने मला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली: आधी उलटं करायचं. खुर्ची असो, टेबल असो, ड्रॉवर असो, बूड बघायचं. तिथे 'जी प्लॅन' नावाचं फर्निचर १९५३ पासून निघालं, त्याचा शिक्का किंवा लेबल ड्रॉवरच्या आत सापडतं. 'अर्कोल'च्या खुर्चीचं लेबल बसायच्या फळीखाली. सोफ्याला तर आगीपासून सुरक्षित असल्याचं लेबल लागतं, १९८८ च्या नियमांपासून. ते लेबल नसेल तर दुकान सोफा दान म्हणूनही घेत नाही. मी शंभरेक खुर्च्या तरी उलट्या केल्या असतील. घेतली एकही नाही, विमानात कुठे आणणार? पण डोळा तयार झाला असं मला वाटू लागलं. सगळा घात इथेच झाला.

परत आल्यावर मी इकडे शोधू लागलो. खान्देशात जुन्या लाकडाला तोटा नाही. अमळनेर, चोपडा, एरंडोल, धुळ्याची जुनी पेठ, कुठे ना कुठे वाडा उतरतोच आहे. भाऊहिस्से झाले की तुळया आणि खांब घनफुटावर विकले जातात, आणि खुर्च्या, पेटारे, देव्हारे जातात भंगारात. चंदीगडची गोष्ट मी वाचलेली होती. पिएर जानरे या वास्तुकाराच्या देखरेखीखाली तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागाच्या खुर्च्या केल्या होत्या. पुढे कचेऱ्यांनी त्या भंगार म्हणून काढल्या आणि परदेशातल्या लिलावांत त्या लाखांनी विकल्या गेल्या. शेवटी २०११ मध्ये गृह मंत्रालयाला त्या देशाबाहेर न्यायला बंदी घालावी लागली. हे वाचल्यापासून प्रत्येक मोडक्या खुर्चीकडे मी वेगळ्याच नजरेने बघायला लागलो होतो. लोभ म्हणा हवं तर. मी नाही म्हणणार नाही.

अशात फोनवर एक मेसेज आला. कुणीतरी पुढे पाठवलेला, पाठवणाऱ्यालाही मूळ माहीत नव्हतं. 'वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी दानात आलेल्या जुन्या सागवानी वस्तूंची विक्री.' जागा महामार्गाच्या कडेला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातलं पत्र्याचं गोदाम. मला वाटलं, अरे वा, आपल्याकडेही आलं की हे! लेस्टरची दुकानं आठवली.

आत गेलो तर तिशीतला एक पोरगा, कपाळाला गंध, बोलणं अगदी मऊ. "या काका. बघा निवांत. घेतलंच पाहिजे असं काही नाही." शेड अर्धी रिकामी. पंधरावीस नग, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. आणि कोपऱ्यात, दारातून येणाऱ्या उजेडात, लांब हातांची आरामखुर्ची, वेताच्या विणीची. तिच्यात एक आजी बसलेली. जांभळं नऊवारी लुगडं, हातात जपमाळ.

"आमच्या आश्रमातल्या आजी आहेत," पोरगा म्हणाला. "त्यांना ही खुर्ची फार आवडते. विकायची म्हटलं की रुसतात."

आता तुम्हीच सांगा. ऐंशी वर्षांच्या बाईला 'उठा, मला खुर्ची उलटी करायची आहे' असं कोण म्हणेल? मी वाकून हात तेवढा फिरवला. गडद तपकिरी रंग, हातांवर ओरखडे, पायांना बारीक बारीक भोकं. मी भोकांकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. "जुनं लाकूड आहे काका, किडीच्या खुणा राहणारच. हीच तर ओळख." मी मान डोलावली, जणू मला हे आधीच माहीत होतं. चिठ्ठीवर किंमत चौदा हजार.

इथे माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते खरं सांगतो, कारण सावध करायचं असेल तर तेच सांगायला हवं. मला वाटत होतं की या भाबड्या लोकांना किंमतच कळलेली नाही. अशी जुनी सागाची खुर्ची मुंबईत पन्नास हजारांच्या खाली मिळायची नाही. म्हणजे म्हाताऱ्यांच्या आश्रमाला मीच गंडवत होतो! त्याचं वाईट वाटलं म्हणून घासाघीस केली नाही, आणि तेवढ्याचसाठी आणखी एक वस्तू घेतली. एक बाकडं, बावीस हजारांचं. भुसावळच्या रेल्वेतून निघालेलं, असं तो म्हणाला. पाठीवर कोरलेली इंग्रजी अक्षरं, जी.आय.पी.आर., म्हणजे जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आणि खाली १९५६.

माझं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलंय. वडील जीआयपीत लागले आणि मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपी मध्य रेल्वेत गेली, ही तारीख आमच्या घरात एखाद्या वाढदिवसासारखी पाठ. तरी त्या गोदामात उभा राहून १९५६ वाचताना मला काहीही खटकलं नाही. उलट ती अक्षरं बघून डोळ्यांत पाणी आलं. वडिलांची आठवण झाली, झालं. पोराने बरोबर तेवढ्यात पाण्याचा ग्लास पुढे केला.

पैसे देताना दोन गोष्टी झाल्या. पाच हजार मोबाइलवरून पाठवले, ते संस्थेच्या नव्हे तर कुणा माणसाच्या नावावर गेले. "संस्थेचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय काका." बाकीचे रोख. मग त्याने पावती फाडली. मी घडी घालून खिशात टाकली आणि टेम्पोवाल्याला फोन लावला. पावतीवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. लाज वाटली, देवळात दक्षिणा देऊन कोणी पावती तपासतं का!

पुढचे दोन महिने मी त्या खुर्चीत बसून पेपर वाचला. पाहुण्यांना तिची हकिकत सांगितली. हकिकत दर वेळी थोडी वाढत गेली, तेही कबूल करतो.

दिवाळीची झाडलोट चालू असताना बायको म्हणाली, "अहो, तुमच्या खुर्चीखाली रोज पीठ कसलं सांडतं?" खरंच, पायांपाशी पिठासारख्या पिवळट भुश्याच्या दोन ढिगुल्या. सकाळी झाडल्या, संध्याकाळी पुन्हा. बाकड्याची एक फळीही हलत होती, म्हणून सुतार मिस्तरींना बोलावलं. पासष्टीचे गृहस्थ, धुळ्याकडचे, चार वाक्यांत तीन अहिराणी.

त्यांनी आल्या आल्या खुर्ची उचलली आणि पालथी घातली. मी दोन महिन्यांत जे केलं नव्हतं ते त्यांनी अर्ध्या मिनिटात केलं. बूडही तेवढंच तपकिरी, तेवढंच गुळगुळीत. जुन्या खुर्चीच्या बुडाला कोण कशाला पॉलिश करतं? तिथलं लाकूड कोरडं, राखाडी पडलेलं असतं. घासलेलं असतं ते हात ठेवायच्या टोकाला आणि पाय टेकायच्या दांडीला. या खुर्चीचे ओरखडे सगळीकडे सारखेच होते, माणूस बसत नाही अशा जागीही.

मग त्यांनी झाडूची एक काडी मोडून पायाच्या भोकात घातली. थोडी जाऊन अडली. दुसऱ्या भोकात, तेवढीच. तिसऱ्यात, तेवढीच. काडीवर नखाने खूण करून मला दाखवली. "किडा असा सरळ जाईल का हो? तो वाकडातिकडा फिरतो. हे ड्रिलचं काम." पण दोनचार भोकं वेगळी होती. त्यांत काडी वळत वळत गेली आणि पीठ बाहेर आलं. म्हणजे खोटी भोकं माणसाने पाडलेली, आणि नंतर खरा भुंगा येऊन राहिलेला.

शेवटी पटाशीने बुडाची एक ढलपी काढली. आत पांढुरकं लाकूड. ढलपी हुंगून माझ्या नाकाशी धरली. ताज्या कापलेल्या सागाला जुन्या चामड्यासारखा तेलकट वास असतो. इथे काहीच नाही.

"हाई साग नही शे, नाना. आंबा शे."

सागाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही, त्या लाकडातलं तेल किड्याला मानवत नाही. म्हणजे ज्या भोकांना मी जुनेपणाची ओळख समजून मान डोलावली, तीच भोकं 'हा साग नाही' असं सांगत होती. रंग कशाने आणला असेल, हेही मिस्तरींनी सांगितलं. विहिरीत टाकतात ती जांभळी पूड, पोटॅशियम परमँगनेट, पाण्यात विरघळवून लाकडावर फिरवली की ते तपकिरी पडतं. वर गडद पॉलिश मारली की झालं. बाकड्याच्या सांध्यांना लाकडी खुंट्या नव्हत्याच. पुट्टी भरून रंगवलेल्या ठिपक्यांखाली नवे कोरे स्टार स्क्रू निघाले. तेव्हा मला १९५६ आठवलं आणि मी मटकन त्याच बाकड्यावर बसलो.

दुसऱ्या दिवशी गोदामात गेलो. पोरगा होता. आवाज तेवढाच मऊ. "काका, आम्ही काही विकलेलंच नाही. तुम्ही देणगी दिली, आम्ही आठवण म्हणून वस्तू भेट दिली. पावती बघा ना." पावती पहिल्यांदा नीट वाचली. 'वृद्धसेवेसाठी ऐच्छिक देणगी.' वस्तूचं नाव नाही, साग हा शब्द नाही. आयकराच्या सवलतीचंही विसरा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जी लागूच होत नाही, आणि पावतीवर संस्थेचा पॅन नंबरही नव्हता.

ओळखीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, सगळं खरं. पण आधी मी ग्राहक आहे हे दाखवायला हवं, आणि माझ्या हातातला कागद म्हणतो की मी दाता आहे. १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनीही पहिल्यांदा बिलच मागितलं. हाती आहे ते एवढंच: मोबाइलवरून गेलेल्या पाच हजारांची नोंद, त्या पहिल्या मेसेजमधला 'सागवानी वस्तूंची विक्री' हा शब्द, आणि टेम्पोवाला साक्षीदार. वकील म्हणतात, तो विक्री शब्दच उपयोगाला येईल. मेसेज पुसू नका असं त्यांनी तीनदा बजावलं. तुम्हीही कुठे असं काही घेणार असाल तर जाहिरात जपून ठेवा, आणि बिलावर लाकडाचं नाव लिहून घ्या. 'साग' एवढी दोनच अक्षरं लिहायला दुकानदार का-कू करायला लागला, तर तिथूनच मागे फिरा.

पावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक होता. तो घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. हे काम मी पैसे देण्याआधी करायला हवं होतं, एका फेरीचं तर काम. क्रमांक खरा निघाला, पण दुसऱ्याच तालुक्यातल्या एका व्यायामशाळेचा. पोलिसांत अर्ज दिलाय. पुढच्या वेळी गेलो तेव्हा गोदामाला कुलूप होतं, आणि शेजारचा टपरीवाला म्हणाला की ते भाड्यानेच होतं, महिन्या-महिन्याच्या बोलीवर.

मिस्तरींनी भोकांत औषध भरून दिलं, तरी बायको खुर्ची घरात ठेवू देत नाही. ती गच्चीत आहे. बाकड्यावर कुंड्या ठेवल्यात.

त्या पोराचा नंबर मी बंद केलेला नाही, वकिलांनीच ठेवायला सांगितला. त्याच्या यादीत अजून माझं नाव असावं, कारण दर सणाला शुभेच्छा येतात. आखाजीला आल्या, सोबत 'दानात आलेला नवीन माल' आणि एक फोटो. गोदाम वेगळं दिसतं, भिंत विटांची आहे. लांब हातांची आरामखुर्ची, खाली लिहिलंय 'चोपड्याच्या वाड्यातील, एकच नग'. आजी त्याच. लुगडंही तेच, जांभळं.