ड्रीमकास्ट की प्लेस्टेशन २?

नाशिकला महात्मा गांधी रस्त्यावरील एका दुकानात टीव्हीला जोडून खेळायचे हे दोन्ही जुने गेम कन्सोल शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा माझे मन ड्रीमकास्टकडेच ओढले गेले. सेगा या जपानी कंपनीने १९९८ मध्ये जपानात आणलेल्या या यंत्रात इंटरनेटसाठी मोडेम आधीच बसवलेला होता, आणि कंट्रोलरमध्ये खोचायच्या मेमरी कार्डाच्या इवल्याशा पडद्यावर स्वतंत्र छोटे खेळही चालत. २००० साली आलेल्या प्लेस्टेशन २ वर मात्र डीव्हीडी पाहता येत असे आणि पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक खेळही चालत, त्यामुळे एकच यंत्र घेऊ पाहणाऱ्या घरांना तेच पटले. तोट्यात असलेल्या सेगाने २००१ मध्ये ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले. खेळांची विपुलता हवी असणाऱ्याने प्लेस्टेशन २ च घ्यावा. मी ड्रीमकास्ट घेतला. आतली बॅटरी संपल्यामुळे तो सुरू करताना दर वेळी तारीख विचारतो आणि मी ती आनंदाने भरतो.