सोसायटीचा स्विमिंग पूल: ऑटो कंट्रोलर की टेस्ट किट?

बडोद्यात मे महिन्याचं ऊन पाण्यातलं क्लोरीन भराभर खातं. सकाळी किटमध्ये थेंब टाकले, पीएच ७.४ आला, संध्याकाळी पोरं उतरतील तेव्हा तोच असेल याची खात्री काय? पाणी सतत मोजत राहणारा ऑटो कंट्रोलर इथे कामाला येतो. ओआरपी (पाण्याची जंतू मारण्याची ताकद दाखवणारा आकडा) ठरवलेल्या ६५० मिलिव्होल्टच्या खाली गेला की क्लोरीन सोडणारा डोसिंग पंप आपोआप सुरू.

पण कंट्रोलरचे प्रोब (पाण्यात बुडवलेले सेन्सर) म्हणजे रुसलेले जावई! पीएचचा प्रोब ७ आणि ४ च्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) कॅलिब्रेट करा, साफ करत राहा, कोरडा पडू देऊ नका. शिवाय ओआरपी म्हणजे पीपीएम, म्हणजे क्लोरीनचं प्रत्यक्ष प्रमाण, नव्हे. स्टॅबिलायझर (उन्हापासून क्लोरीन वाचवणारं रसायन) वाढलं की ओआरपीचा आकडा घसरतो, पंप उगाच क्लोरीन ओततो. त्यामुळे कंट्रोलर घेतलात तरी किट लागतेच. बंगल्यातल्या छोट्या पुलाला नुसती किट पुरे. गर्दीच्या पुलाला मी कंट्रोलरच घेईन, तोही पंपाला वेळेची मर्यादा असलेला.