कोनाच्या पल्ल्यावर अडलेला अमेरिकी पेटंट अर्ज: अपील की दुरुस्ती?

मित्राच्या अर्जात पात्याचा कोन ३० ते ४० अंश आहे. जुन्या पेटंटमध्ये २० ते ६० लिहिलंय, म्हणून परीक्षकाने अंतिम नकार दिला. आता अपील करायचं, की शुल्क भरून दुरुस्ती करायची, म्हणजे दावा (हक्काची लेखी व्याप्ती) अरुंद करायचा?

खर्च: दुरुस्ती सहसा स्वस्त. अपिलात लेखी युक्तिवाद आणि वकिलाचे तास जातात.

वेळ: दुरुस्तीचा अर्ज त्याच परीक्षकाकडे परत जातो. अपील पेटंट कार्यालयातल्याच तीन न्यायाधीशांपुढे, पण रांग लांब.

खरा प्रश्न टिकण्याचा. 'जुन्या पल्ल्यातच नेमका आमचा पल्ला सांगितलाय' एवढाच परीक्षकाचा आधार असेल, तर अमेरिकी अपील न्यायालयाचा २००६ चा अ‍ॅटोफिना निकाल कामी येतो: जुना पल्ला १०० ते ५०० अंश सेल्सिअस, दावा ३३० ते ४५० चा, आणि नावीन्य टिकलं. पण परीक्षक 'हे उघडच होतं' म्हणत असेल, तर त्याच न्यायालयाचा २००३ चा पीटरसन निकाल आडवा येतो: जुन्या पल्ल्यात बसणारा पल्ला सहसा उघडच मानला जातो. मग त्या दहा अंशांतच अनपेक्षित फरक पडतो, हे चाचणीने दाखवावं लागतं. नुसतं 'आमचा कोन उत्तम' चालत नाही.

आणि परीक्षकाने कोन जुन्या पेटंटच्या आकृतीवर कोनमापक ठेवून काढला असेल तर? आकृती प्रमाणबद्ध असल्याचा उल्लेख नसेल, तर अपिलाला चांगलाच दम आहे.

चाचणीचे आकडे अजून दाखल नसतील, किंवा ३३ ते ३६ एवढ्यावर धंदा भागत असेल, तर दुरुस्ती. पूर्ण पल्ला हवाच असेल आणि परीक्षकाने जुना मजकूरच चुकीचा वाचला असेल, तर अपील.