अकरा महिने वापरल्यानंतर: खाणीतली ट्रॅकिंग यंत्रणा आणि तो हिरवा ठिपका

आमच्या खाणीत अकरा महिन्यांपूर्वी माणसांचा माग ठेवणारी यंत्रणा बसवली: प्रत्येकाच्या दिव्यासोबत एक टॅग, वाटेवर जागोजागी तो टॅग ओळखणारे रीडर, आणि कंट्रोल रूमच्या नकाशावर प्रत्येकाचा एक ठिपका. चार महिन्यांपूर्वी रात्रपाळीत आमच्याकडे छत पडलं. कुणाला इजा झाली नाही, हे आधीच सांगतो. पण पडलेल्या दगडाखाली लीकी फीडरची केबल (जिच्यातून रेडिओच्या लहरी वाटेभर झिरपतात ती) तुटली आणि तिथून पुढचे सगळे रीडर एकदम गप्प झाले. मी तेव्हा कंट्रोल रूममध्ये होतो. स्क्रीनवर ६४ माणसं आत, आणि नकाशावर ६४ हिरवे ठिपके. खालच्या पट्टीत ‘रीडर ऑफलाइन’ अशी बारीक अक्षरांतली ओळ येऊन गेली, नकाशा मात्र जसाच्या तसा.

पंपावर निघालेल्या फिटरचा ठिपका सहा नंबरच्या क्रॉसकटला, म्हणजे दोन रस्ते जोडणाऱ्या आडव्या बोळाला होता. म्हणजे पडझडीच्या अलीकडे, सुरक्षित. मी सरदारांना, म्हणजे खाली पाळीवर देखरेख करणाऱ्यांना, आधी फेसवरची (खोदकामाच्या टोकाची) माणसं दुसऱ्या वाटेने काढायला सांगितली आणि फिटरला शेवटी घ्या म्हटलं. वीस मिनिटांनी सरदारांचा फोन आला, ‘साहेब, सहा नंबरला कुणी नाही.’

सहा नंबरच्या पुढचा रीडर ३०० मीटरवर आहे आणि छत पडलं ते बरोबर त्या दोघांच्या मधे. फिटर सहा नंबरवरून पुढे गेला होता, हे तेव्हा लक्षात आलं. तो ढिगाऱ्याखाली आहे असं आम्ही धरून चाललो. आधार लावत तिथवर पोचायला सहा जण पाठवले, म्हणजे मोडक्या छताजवळ आणखी सहा जीव उभे केले. आणखी २७ मिनिटांनी रिटर्नमधल्या (वापरलेली हवा बाहेर नेणाऱ्या रस्त्यातल्या) जुन्या तारेच्या फोनवरून फिटरकाकांचा आवाज आला, ‘मी ठीक आहे. मागचा रस्ता बंद झालाय, म्हणून इकडून आलो.’ छत पडायच्या दोन-तीन मिनिटं आधी ते तिथून पार झाले होते. तो फोन येईपर्यंत, सगळे मिळून ४७ मिनिटं, त्यांचा ठिपका सहा नंबरला हिरवागार होता.

या यंत्रणेबद्दल पहिल्या तीन महिन्यांत मी जे चांगलं बोललो होतो, त्यातलं बरंचसं आजही खरं मानतो. लॅम्परूममध्ये दिवा उचलला की टॅग आपोआप जागा होतो. वेगळं काही कमरेला बांधायचं नाही, त्यामुळे टॅग घरी विसरला ही सबब राहिली नाही. पाळी संपताना कोण वर आला आणि कोण यायचाय याची मोजणी पूर्वी अर्धा तास खायची, आता दोन मिनिटांत होते. रेडिओचा आवाज मुख्य रस्त्यांवर स्वच्छ येतो. क्रॉसकटमध्ये आत शिरलं की चार-पाच पावलांत खरखर सुरू होते. पण त्याला यंत्रणेचा दोष म्हणणार नाही. व्हीएचएफच्या, म्हणजे या रेडिओच्या, लहरी दगडातून जात नाहीत, केबलमधून जेवढ्या झिरपतात तेवढ्या भुयाराच्या पोकळीतच फिरतात, आणि वळण आलं की विरतात.

सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे दिव्याचा इशारा. कंट्रोल रूममधून निरोप पाठवला की कॅप लॅम्प लुकलुकतो आणि बॅटरीच्या डबीवरच्या छोट्या पडद्यावर मजकूर येतो. ड्रिलिंग चालू असताना कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही, पण समोरच्या भिंतीवरचा आपलाच उजेड उघडझाप करायला लागला की माणूस हातातलं काम थांबवतो. ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या पीईडी यंत्रणेत अत्यंत कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल थेट खडकातून जाऊन दिवा लुकलुकवायचा. १९९८ साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात विलो क्रीक खाणीत आग लागली, तेव्हा असाच निरोप खाली गेला आणि माणसं सुखरूप बाहेर आली. आमचा इशारा केबलवर अवलंबून आहे, खडकातून जाणारा नाही, एवढा फरक मात्र मोठा आहे. त्या रात्री केबलच्या पलीकडे असलेल्या फिटरकाकांचा दिवा एकदाही लुकलुकला नाही.

आता ठिपक्याकडे येतो, कारण माझी झोप त्यानेच घालवली आहे.

ठिपका माणसाची जागा दाखवत नाही. ज्या रीडरने त्याला शेवटचं पाहिलं, त्या रीडरची जागा दाखवतो. हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं, मलाही माहीत होतं. पण रात्री अडीच वाजता स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला हिरवा रंग एवढंच सांगतो की सगळं ठीक आहे. ते पाहणं चार सेकंदांपूर्वीचं की चाळीस मिनिटांपूर्वीचं, हे नकाशावर कुठेच नव्हतं. नावावर क्लिक करा, तपशील उघडा, तिसऱ्या टॅबमध्ये जा, मग वेळ दिसते. ६४ नावांसाठी हे कोण करणार, आणि कधी?

कंपनीला दुसऱ्याच दिवशी लिहिलं. उत्तर आलं की ठरावीक वेळ टॅग दिसला नाही तर ठिपका राखाडी होतो. ती वेळ किती, विचारलं. ६० मिनिटं! आणि बदलायचा पासवर्ड त्यांच्याकडे. खाणीत एका तासात माणूस कुठल्या कुठे जातो, हे खाणीसाठी यंत्रणा विकणाऱ्यांना सांगावं लागलं याचा राग अजून गेलेला नाही. पुढचे तीन आठवडे आठ मेल आणि पाच फोन झाले. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून कहाणी सांगायची. एकाने तर ‘अपघातात जीवितहानी झाली का?’ असं विचारून तक्रारीचा प्राधान्यक्रम ठरवला. झाली नाही म्हटल्यावर आमची तक्रार खाली गेली.

शेवटी एक इंजिनीअर आले, दोन दिवस आमच्याबरोबर खाली उतरले, आणि माझं एक मत त्यांनी बदललं. मी हट्ट धरला होता की ६० ऐवजी ३ मिनिटं करा. त्यांनी करून दाखवलं. दहा मिनिटांत अर्धा नकाशा राखाडी. दोन रीडरच्या मधल्या पट्ट्यात काम करणारा प्रत्येक जण राखाडी होत होता आणि कंट्रोल रूममधला मुलगा घाबरून फोन फिरवत होता. दोन दिवस असंच राहिलं असतं तर राखाडीकडेही कुणी बघितलं नसतं. रंग कितीही लवकर बदलला तरी माझा प्रश्न सुटणार नव्हता. मला हवा होता आकडा. नावाशेजारी, सतत दिसणारा: शेवटचं दर्शन, इतक्या मिनिटांपूर्वी. इंजिनीअरांना ते पटलं, याचं श्रेय त्यांना देतो.

एवढ्याशा आकड्यासाठी एवढा त्रागा का, असं आमच्या व्यवस्थापनातही काहींनी विचारलं. त्यांना मी सागोबद्दल सांगितलं. २ जानेवारी २००६ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो खाणीत स्फोट झाला. आत अडकलेल्यांनी पडदा बांधून आडोसा केला आणि वर ऐकू जावं म्हणून रूफ बोल्टवर (छताला आधार देणाऱ्या लोखंडी सळ्यांवर) हातोडे मारले. वर ते ऐकणारं कुणी नव्हतं. ते नेमके कुठे आहेत हे सांगणारं साधनही नव्हतं. बचाव पथक ४० तासांहून जास्त वेळाने पोचलं. मग खालून वर निरोप येता येता त्याचा अर्थ फिरला, आणि १२ जण जिवंत आहेत अशी बातमी नातेवाइकांपर्यंत गेली. सुमारे तीन तास ती माणसं आनंदात होती. खरं म्हणजे १२ जण गेले होते आणि एकच वाचला होता. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला की भुयारी कोळसा खाणींत दुतर्फी बिनतारी संपर्क आणि माणसांचा माग ठेवणारी यंत्रणा तीन वर्षांत आणा. आज आपण वापरतो त्या बऱ्याच यंत्रणांना वेग आला तो या कायद्यामुळे. ज्या दुर्घटनेत चुकीच्या चांगल्या बातमीने लोकांचं काळीज फाडलं, तिच्यानंतर जन्मलेल्या यंत्रणेने मला २० मिनिटं चुकीची चांगली बातमी दाखवावी, हे मला सहन होत नाही.

दहाव्या महिन्यात नवी आवृत्ती आली. आकडा आला. नावाच्या उजवीकडे, मिनिटांत. अक्षरं इतकी लहान की खुर्चीतून वाचता येत नाहीत, पुढे वाकावं लागतं. मोठी करून मागितली आहेत. पण यादी त्या आकड्याप्रमाणे लावता येते, सगळ्यांत जुनं दर्शन सगळ्यांत वर, आणि हे मी मागितलंही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक नाव सतत वर राहायला लागलं. माणूस समोर उभा, आकडा ३५ मिनिटं. त्याच्या टॅगची बॅटरी मरत होती. जुन्या स्क्रीनवर तो हिरवाच राहिला असता आणि कुणाला पत्ता लागला नसता. अशा सात डब्या आतापर्यंत बदलल्या.

बाकीच्या दोन गोष्टी. केबल एकाच टोकाकडून जोडलेली होती, म्हणून एका जागी तुटली आणि पुढचं सगळं गेलं. रिटर्नमधून दुसरी केबल नेऊन वेढा पूर्ण करा, असं बसवतानाच सुचवलं होतं. खर्च वाचवायला ते गाळलं आमच्याच लोकांनी, आणि तेव्हा मीही गप्प बसलो होतो. आता वेढा झाला आहे. दुरुस्तीच्या पाळीत आम्ही मुद्दाम मधला जोड उघडून बघतो. दोन्हीकडचे रीडर चालू राहतात.

दुसरी गोष्ट बॅकअपची. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून गॅस वाढू लागला की त्या भागाची वीज आधीच तोडतात. म्हणजे संपर्काची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच यंत्रणा बॅटरीवर असते. २४ तासांचा वायदा होता. आम्ही वीज काढून घड्याळ लावून बसलो, खाली बसवलेल्या ११ नोडपैकी (यंत्रणेच्या बॅटरीवाल्या पेट्यांपैकी) ३ सहाव्या तासाआधी गेले. सेल बदलून दिले, वाद न घालता. ही चाचणी दर तीन महिन्यांनी करतो आणि निकाल वहीत लिहितो.

पितळी बिल्ल्यांचा फळा काढून टाकायचं ठरलं होतं, तो मी राहू दिला आहे. बिल्ला फक्त एवढंच सांगतो की माणूस आत आहे. कुठे आहे हे तो सांगत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर कुणी कुणाला शेवटी ठेवत नाही.

तुमच्याकडे अशी यंत्रणा दाखवायला कुणी आलं तर त्यांच्या मोठ्या नकाशासमोर बसायच्या आधी एक टॅग मागून घ्या. तो जाड लोखंडी पेटीत बंद करा, पेटी खोलीबाहेर पाठवा, आणि ठिपका किती वेळ हिरवा राहतो ते हातातल्या घड्याळात मोजा. आमच्याकडे आधी पूर्ण एक तास राहायचा. आता मिनिट-दीड मिनिटात शेजारचा आकडा चढायला लागतो.