लातूरच्या पाण्यात आणि कूलरच्या हवेत जुन्या वळणाच्या वस्तू : काही महिन्यांच्या वापरानंतर

नवीन घरातले स्वयंपाकघर आणि बैठक जुन्या वळणाच्या वस्तूंनी सजवायची असे आमच्याकडे ठरले आणि संक्रांतीच्या सुमारास इनॅमलची भांडी, नळ बसवलेले तांब्याचे पिंप, पिवळ्या उजेडाचे तारेचे दिवे, भिंतीवरचे घड्याळ आणि लाकडी दिसणारा एक रेडिओ अशी खरेदी झाली. तेव्हापासून आतापर्यंत या वस्तूंनी लातूरचा उन्हाळा पाहिला, पावसाळा पाहिला आणि दिवाळीची घासपूसही सोसली. दुकानात त्या सगळ्या सारख्याच देखण्या दिसत होत्या. वापरात मात्र फरक पडत गेला, आणि तो किमतीमुळे पडला नाही. ज्या वस्तूचे जुने रूप तिच्या साहित्यातून आणि घडणीतून आले होते ती टिकली. जिच्यावर ते रूप वरून चिकटवलेले होते ती इथल्या हवेपुढे टिकली नाही.

सर्वांत जास्त समाधान इनॅमलच्या भांड्यांनी दिले. पांढरे अंग आणि निळा काठ असलेली ही पातेली अनेकांना रंगवलेली वाटतात, पण तो रंग नसतो. काचेची पूड पोलादी पत्र्यावर चढवून सुमारे 800 अंश सेल्सिअसला भाजतात, तेव्हा ती वितळून पत्र्याला घट्ट धरून बसते. भांड्याचा पृष्ठभाग काचेचा असल्यामुळे आंबटाचा त्यावर सहसा परिणाम होत नाही. मराठवाड्याच्या स्वयंपाकात हा गुण फार मोलाचा आहे, कारण अंबाडीची भाजी, कढी आणि चिंचेची आमटी आपल्याकडे सतत होते. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात हे पदार्थ करता येत नाहीत आणि पितळेच्या पातेल्याला त्यासाठी कल्हई लागते; इनॅमलच्या पातेल्यात कढी तशीच झाकून ठेवली तरी तिच्या चवीत फरक पडत नाही. आत पोलाद असल्याने ही भांडी इंडक्शनच्या शेगडीवरही चालतात.

दूध तापवण्यासाठी मात्र मी ती वापरत नाही. पत्रा पातळ असल्यामुळे आच एका जागी लागते आणि दूध तळाला धरते. काच आणि पोलाद उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून रिकामे भांडे तापवणे किंवा तापलेल्या भांड्यात एकदम गार पाणी ओतणे टाळावे. सासूबाईंच्या माहेरी अशी ताटे रोजच्या वापरात होती, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, “आपटू नका, उडालं की तिथूनच गंज धरतो.” आमच्या एका मगाच्या बाहेरच्या काठाचा टवका उडाला, तेव्हा अगदी तसेच झाले. बाहेरचा टवका चालवून घेता येतो, पण आतून टवका उडालेल्या भांड्यात स्वयंपाक करू नये, कारण तिथून काचेचे बारीक कण सुटत राहतात. घेताना काठावर बोट फिरवून पाहावे. दुमडलेल्या काठावर इनॅमल सलग चढलेले असेल तर ते भांडे घ्यावे.

तांब्याच्या पिंपाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात पाणी साठवण्याचे भांडे केवळ शोभेसाठी कोणी घेत नाही. आम्ही घेतलेले पिंप हाताने मठारलेले आहे. मठारकामाने पत्र्यावर जे ठोके उमटतात ते सुंदर दिसतातच, पण ठोकण्याने तांब्याचा पत्रा कडकही होतो आणि भरलेल्या भांड्याला पोचा पडत नाही. बाजारात साच्यात दाबून तशीच नक्षी उठवलेली पिंपेही मिळतात. त्यांचे ठोके एकसारखे, ओळीने आलेले दिसतात, हाताच्या कामात तसे कधीच होत नाही.

आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे आणि त्याचा पांढरा क्षार आतल्या बाजूने धरतो. अर्धे लिंबू आणि मीठ घेऊन आतून चोळले आणि स्वच्छ धुतले की तो निघतो. बाहेरच्या अंगाला बहुतेक कारखाने पारदर्शक वार्निश देतात, ही गोष्ट विक्रेत्याला विचारून घ्यावी. वार्निश असताना चिंचेने घासले तर ते तुकड्यातुकड्यांनी निघते आणि भांड्यावर कायमचे ठिपके दिसू लागतात. अशा वेळी एक तर बाहेरून फक्त ओले फडके फिरवावे, किंवा सगळे वार्निश काढून टाकून पूर्वीसारखे नियमाने घासावे. या पिंपात ताक किंवा लिंबाचे सरबत मुळीच भरू नये. पावसाळ्यात आमचा नळ ठिबकू लागला होता. नळाचा आटा नेहमीच्या अर्ध्या इंचाचा असल्यामुळे गंजगोलाईच्या बाजारपेठेतल्या दुकानात त्याचा वॉशर लगेच मिळाला. वेगळ्याच मापाचा शोभिवंत नळ असता तर एवढे चांगले भांडे अडगळीत गेले असते.

दिव्यांच्या बाबतीत मत संमिश्र आहे. जुन्या बल्बची तार वाटते ती खरे तर एलईडीची बारीक पट्टी असते आणि तिची उष्णता बाहेर नेण्यासाठी काचेत सहसा हेलियम भरलेला असतो. चार वॅटचा असा दिवा बैठकीत संध्याकाळी फार प्रसन्न वाटतो. परंतु 2200 केल्विनच्या तांबूस उजेडात ज्वारी निवडताना खडा दिसत नाही आणि मुलांच्या अभ्यासालाही तो उजेड अपुरा पडतो. स्वयंपाकघरातले असे दिवे काढून तिथे साधे पांढरे दिवे लावले. मे महिन्यात, बंद काचेच्या छत्रीतला एक दिवा लुकलुकू लागला. या दिव्यांचे विद्युतमंडल टोपणाच्या इवल्याशा जागेत बसवलेले असते आणि त्याला उष्णता सोसत नाही, त्यामुळे छत्री वरून उघडी असलेलीच घ्यावी.

घड्याळाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. आकडे प्लास्टिकचे आहेत, यंत्र क्वार्ट्झचे आहे, एका सेलवर ते बिनतक्रार चालते.

निराशा केली ती रेडिओने, आणि त्याचे वाईट अधिक वाटते कारण त्याचा आवाज खरोखर चांगला होता. त्याची पेटी लाकडाची नसून दाबलेल्या भुशाच्या फळीची होती आणि तिच्यावर लाकडी रेषांचा कागद चिकटवलेला होता. लातूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसभर चालतो, खोलीतली हवा ओलसर राहते आणि अशी फळी कडेने पाणी शोषून घेते. जून संपता संपता खालचा कोपरा फुगला आणि कागद सुटला. समोरच्या तबकडीवर मध्यम लहरींचे आकडे छापलेले असले तरी आत फक्त एफएम आणि ब्लूटूथ आहे. मध्यम लहरींवरची आकाशवाणी ऐकण्याच्या आशेने कोणी हा संच घेतला तर त्याची फसगत होईल. ज्यांच्याकडे कूलर नाही त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो.

त्याच्या जागी उदगीरच्या नातेवाइकांकडचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, जुना रेडिओ संच दुरुस्तीला दिला आहे. त्याची पेटी अस्सल सागवानी असून ती इतकी वर्षे माळ्यावर राहूनही कुठे वाकलेली नाही. दुरुस्ती करणाऱ्या काकांच्या म्हणण्यानुसार आतले जुने कपॅसिटर बदलल्याशिवाय तो विजेला जोडता येणार नाही, आणि अशा संचात दोनशे व्होल्टच्या वर दाब खेळत असल्याने तो घरी उघडून पाहू नये हेही त्यांनी निक्षून सांगितले आहे.