'तुकडा काढला की कॅन्सर भडकतो' म्हणत आत्याला लुबाडलं

आमच्या आत्याला लहानपणापासून मिश्रीची सवय. खालच्या हिरडीला, गालाच्या बाजूने जखम झाली ती भरेचना. शेजारपाजारचे म्हणत, उष्णतेने तोंड आलंय. तालुक्याच्या दंतवैद्याने मात्र जागा बघताक्षणी बायोप्सीची, म्हणजे जखमेचा छोटा तुकडा काढून तपासण्याची, चिठ्ठी लिहून दिली.

या चिठ्ठीच्या धास्तीवरच पुढच्या माणसाचं दुकान चालतं. बाजाराच्या गावातला 'वैद्य', भिंतीवर बऱ्या झालेल्यांचे फोटो. त्याचं पहिलंच वाक्य, "सुई-कात्री लागली की रोग भडकतो. मग माझ्याकडे यायचं नाही." म्हणजे तपासणीची वाटच बंद! आगाऊ 18 हजार घेतले, पुढे 'पक्का कोर्स' म्हणून आणखी तेवढेच. पुडीवर ना नाव, ना तारीख. लेप लावला की जागा बधिर व्हायची, दोन घास जायचे. आत्याला वाटे, गुण येतोय.

फसवणूक नेमकी इथे होते. तोंडाच्या कॅन्सरची सुरुवातीची जखम पुष्कळदा दुखतच नाही, मग ठणका थांबला म्हणून रोग हटला असं कसं धरायचं? साधं तोंड आलेलं बहुधा दोन आठवड्यांच्या आत भरतं. त्यापुढे टिकलेली जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, उभी तीन बोटं मावणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, मानेतली गाठ, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरला दाखवाच. कवळी असेल तर काढून, गाल ओढून, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा उजेडात बघा. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. उलट तिच्याशिवाय निदान पक्कं होत नाही.

आत्याचा तुकडा अखेर तपासला, तोवर रोग जबड्याच्या हाडात उतरला होता. हाडाचा भाग काढावा लागला. ती शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोफत झाली. पैसे गेले ते फक्त त्या भामट्याकडे, याचा संताप आजही आवरत नाही.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने बंदी आहे. आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. सोबत उरलेल्या पुड्या, त्याच्या पाटीचा फोटो आणि मोबाईलवरून पैसे पाठवल्याची नोंद जोडली आहे. पावती तो कुणालाच देत नाही.