२०१८ साली गेलेल्या माणसाची २०१९ च्या अंकावर सही

कॉमिकचे २१,०००, सर्टिफिकेटचे १,५००, फ्रेमचे ८५०. एकूण २३,३५० रुपये. कॉमिक कन्व्हेन्शनच्या शेवटच्या दिवशी, भर गर्दीत, माझ्याच हाताने स्कॅन करून गेलेले. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. इथे सांगते, कारण मला खोटी सही विकणाऱ्याचा स्टॉल पुढेही लागणार आणि तुमच्यापैकी कुणीतरी तिथे उभं राहणार.

मी नवखी नाही, हे आधी ऐकून घ्या. 'द इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक काय चीज आहे हे मला ठाऊक आहे. १९७४ चा, वुल्व्हरिन हा सुपरहिरो पहिल्यांदा पूर्ण कथेत येतो तो. चांगल्या अवस्थेतली मूळ प्रत लाखांत जाते, २१,००० ला मिळत नाही, एवढं कळतं मला. त्यानेही मूळ म्हणून विकला नाही, इथेच त्याची खरी लबाडी. "ताई, ही फॅक्सिमिली आहे, हुबेहूब पुनर्मुद्रण. मी खोटं बोलणार नाही. पैसे सहीचे आहेत." इतकं स्वतःहून सांगून टाकणाऱ्यावर संशय कोण घेणार? आणि सही कुणाची, तर स्टॅन ली यांची. सोनेरी मार्करने, तिरकी, ठसठशीत. हल्क हे पात्रच त्यांनी जॅक कर्बींबरोबर १९६२ मध्ये घडवलेलं, तेव्हा त्या अंकावर त्यांची सही असण्यात वावगं काहीच नव्हतं.

अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाठीला पुठ्ठा, तोंडाला टेप. मी म्हटलं, उघडून बघते. तो म्हणाला, "सील तुटलं की किंमत पडते, ताई."

सील! साधी चिकटपट्टी होती ती. उघडून पुन्हा लावायला कितीसा वेळ लागतो? जुने अंक जमवणारा कुणीही आधी पहिल्या पानाच्या तळाशी बघतो, तिथे बारीक अक्षरांत प्रकाशक आणि साल असतं. मी आजवर घेतलेल्या प्रत्येक अंकाचं ते बघितलंय. आणि नेमकं याचं नाही! पण तुम्ही तिथे असतात तर काय केलं असतंत? मागून धक्के, स्पीकरवर कॉस्प्ले स्पर्धेची नावं, आणि शेजारचा एक मुलगा "मी २४ देतो, आत्ता देतो" म्हणून पुढे सरसावलेला. तोच मुलगा नंतर त्याच स्टॉलमागे पोस्टर गुंडाळताना दिसला. तेव्हाही मला वाटलं, बिचारा मदत करतोय.

(बोली लावणारा तिसरा माणूस उगवला की पाकीट खिशात घाला. बस्स.)

घरी आल्यावर फ्रेममध्ये बसवण्यासाठी अंक बाहेर काढला. पहिल्या पानाच्या तळाशी २०१९.

स्टॅन ली १२ नोव्हेंबर २०१८ रोजी गेले. ही तारीख मला कुणी सांगायला नको, त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले होते. म्हणजे सही करायला ते वरून खाली आले असणार.

राहिलं सर्टिफिकेट. जाड कागद, होलोग्राम, खाली नंबर. दिलं कुणी? त्यानेच! विकणाऱ्याने स्वतःच दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे रद्दी. कॉमिकची अवस्था आणि सही तपासून देणाऱ्या सीजीसीसारख्या संस्थेची पद्धत वेगळी. सही होताना त्यांचा साक्षीदार हजर असतो, अंक कडक पारदर्शक डबीत बंद होतो, पिवळं लेबल लागतं आणि त्यावरचा नंबर त्यांच्या साइटवर तपासता येतो. तो तिथल्या तिथे तपासा. नेटवर्क नसेल तर हॉलबाहेर जा. तेवढा वेळ विक्रेता थांबत नसेल, तर तुम्हीही थांबू नका.

आता आपल्याला मदत करायला बसलेल्या लोकांकडे येऊ.

आयोजकांना मेल केली. उत्तर आलं की स्टॉलधारक आणि ग्राहक यांच्यातल्या व्यवहाराशी आमचा संबंध नाही, पासच्या अटी वाचाव्यात. निदान त्याचा पत्ता द्या म्हटलं, तर म्हणे तो गोपनीय! पास काढताना माझं नाव, फोन, मेल घेतलं, त्यानंतर कुठल्या कुठल्या प्रायोजकांचे मेसेज सुरू झाले, तेव्हा ही गोपनीयता कुठे होती?

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य, "घटना तिकडची, तिकडे जा." मी वाचून गेले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याने घ्यायची असते. ते सांगितल्यावर साहेबांचा सूर बदलला, पण वाईटाकडे.

"वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?"

"सही खोटी आहे, साहेब."

"कशावरून? ज्याची सही आहे त्याला घेऊन या, तो सांगू दे."

"तो २०१८ मध्ये वारलाय. तोच तर मुद्दा आहे."

"मग सिद्ध कोण करणार?"

साल दाखवलं, मृत्यूच्या बातमीची प्रिंट दाखवली. मागचे दोघं हसत होते. एकाने विचारलं, बाई, या वयात कॉमिक वाचता? ४२० चं कलम जाऊन ३१८ आलं, बाकी सगळं जिथल्या तिथे. शेवटी साधा तक्रार अर्ज घेतला, शिक्का मारला. एफआयआर नाहीच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लागला. पलीकडच्या मुलीने निदान नीट ऐकून घेतलं, पण समोरासमोर वस्तू घेतलीत, हा विक्रीतला वाद, म्हणाली. बँकेने रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ऐकवला. संरक्षण आहे ते तुमच्या परवानगीविना झालेल्या व्यवहाराला, तुम्ही तर स्वतः पिन टाकलात. क्रेडिट कार्ड असतं तर निदान चार्जबॅक मागता आला असता. मी कार्ड पुढे केलंही होतं! "मशीन बंद आहे, ताई." स्कॅन केल्यावर स्टॉलचं नाव न येता कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव आलं. स्टॉलचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळलं नाही तर पैसे पाठवू नका. आणि जीएसटी क्रमांक नसलेल्या चिठ्ठीला पावती म्हणू नका.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, म्हणून तो रस्ता धरला. आधी विक्रेत्याला नोटीस पाठवली, स्पीड पोस्टाने, चिठ्ठीवरच्या पत्त्यावर. ती परत आली, "या नावाचे दुकान येथे नाही" असा शेरा मारून. खरा पत्ता फक्त आयोजकांकडे. त्यांना पुन्हा लिहिलं, सगळे कागद जोडले. काल उत्तर आलं. झालेल्या गैरसोयीबद्दल पुढच्या कन्व्हेन्शनच्या पासवर मला दहा टक्के सूट आहे.